सरकारी हायस्कुलांवरचे चुकलेले आरोपपत्र

इंग्रजांनी काढलेली सरकारी हायस्कुले म्हणजे कारकून पाडणारे कारखाने, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की शिक्षणावरच्या परिसंवादात ते पुराव्यावाचून खपते. त्याला मेकॉलेचे नाव जोडले की वक्त्याचे काम संपते. त्या हायस्कुलांवर आरोप जरूर करावेत. पण ज्या गुन्ह्याबद्दल करायचे तो गुन्हा तरी घडलेला असावा.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. लॉर्ड हार्डिंजने १८४४ मध्ये इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे ठरवले. वुडच्या १८५४ च्या खलित्यात शिक्षणाच्या हेतूंमध्ये विश्वासू नोकरवर्ग मिळण्याचा उल्लेख आहे, तोही आडून नव्हे. मुलगा मॅट्रिक होऊन कुठेतरी चिकटावा ही घरच्यांचीही आस असे. एवढे सारे मान्य करूनही निष्कर्ष मात्र लंगडाच पडतो.

आधी मेकॉलेचे पाहू. त्याचे टिपण फेब्रुवारी १८३५ चे, आणि कलकत्त्यातले. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे काम मुंबईत १८२२ पासूनच सुरू होते. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली, ती प्राध्यापक नेमण्यासाठी; पुढची एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन त्यातूनच उभी राहिली. तिथे १८३४ मध्ये बाळशास्त्री जांभेकर शिकवू लागले होते. शिक्षण मराठीतून की इंग्रजीतून, हा वादही कलकत्त्याच्या टिपणाने मिटला नाही. १८४०च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष एर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून बसले होते, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने त्यांच्याशी भांडत होते. मेकॉलेने बोट फिरवले आणि इथली शाळा उभी राहिली, ही समजूत सोयीची असेल. इतिहास तसा नाही. १८५६ मध्ये त्याच इन्स्टिट्यूशनचे कॉलेज आणि हायस्कूल असे दोन भाग झाले, आणि एल्फिन्स्टन हायस्कूल स्वतंत्रपणे नांदू लागले.

आता कारकुनाकडे वळू. मामलेदार कचेरीचे रोजचे दप्तर मराठीत असे, आणि मोडीत. त्या दप्तरासाठी युक्लिडची भूमिती कशाला हवी? मराठी शाळेचे शिक्षण आणि घोटलेले मोडी अक्षर एवढ्यावर तिथली नोकरी निभत होती. हायस्कुलात मात्र इंग्रजीखेरीज बीजगणित, भूमिती, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल आणि संस्कृत किंवा फारसीसारखी अभिजात भाषा, असा पसारा होता. कारण शेवटची मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाची होती. मुंबई विद्यापीठाने ती १८५९ मध्ये पहिल्यांदा घेतली, आणि कॉलेजात प्रवेश देणे हा तिचा हेतू होता. हा अभ्यासक्रम घोकंपट्टीला वाव देणारा होता, परक्या भाषेच्या ओझ्याने वाकलेला होता, हे खरेच. पण कचेरीतला नकलनवीस डोळ्यांपुढे ठेवून असा अभ्यासक्रम कोणी आखत नाही. उलट १८८२ च्या हंटर आयोगाने जेव्हा सुचवले की हायस्कुलात व्यवहारोपयोगी विषयांची वेगळी शाखा असावी, तेव्हा पालकांनीच तिकडे फारसे ढुंकून पाहिले नाही. त्यांना मॅट्रिकच हवी होती.

परिणामांची गोष्ट तर आणखी अवघड. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये आपली सभा काढली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यातले तरुण मुंबईत मुलींच्या शाळा चालवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर होते. संस्कृतची त्यांची क्रमिक पुस्तके हायस्कुलातल्या मुलांसाठीच लिहिलेली. टिळक पुण्याच्या सरकारी हायस्कुलातून १८७२ मध्ये मॅट्रिक झाले. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर! १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा ते सरकारी हायस्कुलात मास्तर होते. राज्यकर्त्यांचा पगार घेऊन राज्यकर्त्यांच्या बौद्धिक दिमाखावर कोरडे ओढणारा हा गृहस्थ आरोपपत्रात कुठे बसवायचा? पुढे रत्नागिरीला बदली झाली, त्यांनी राजीनामा दिला आणि १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पण त्या स्वाभिमानी शाळेने शिकवला तो अभ्यासक्रमही मॅट्रिकचाच. अभ्यासक्रम एवढा गुलाम घडवणारा असता, तर तो चिपळूणकर-टिळकांनी उचलला नसता.

यावर कोणी म्हणेल, ही निवडक माणसे झाली. बाकीचे शेकडो कारकूनच झाले ना? झाले. पण पोट भरायला कारकुनी करावी लागणे हा शाळेचा दोष कमी, आणि वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखणाऱ्या राज्याचा जास्त.

मग ही हायस्कुले निर्दोष होती काय? मुळीच नाही. त्यांचा खरा दोष आत काय शिकवले यापेक्षा आत कोणाला घेतले यात होता. धारवाडला १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या, असे कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये कळवले. पण कागदावर उघडलेले दार गावोगाव बंदच राहिले. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे नेमके बोट ठेवले ते यावर: सारा भरणार कष्टकरी रयत, आणि त्या पैशावर शिकणार वरचे वर्ग. लक्षात घ्यावे असे की, सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावे, असे मात्र फुल्यांनी म्हटले नाही. तसे करणे घातकच होईल, अशी त्यांची साक्ष आहे. कारखाना म्हणून हेटाळणी करणाऱ्यांना ही साक्ष सहसा आठवत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातले गेले. पुढे ते एल्फिन्स्टन हायस्कुलात आले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली, कारण संस्कृतचा वर्ग त्यांच्यासाठी बंद होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास १८६६ पासून जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळत असे. या मुलाला त्या शर्यतीत उतरायचीच सोय नव्हती. मेकॉलेचा इथे काहीच संबंध नाही. वर्गाचे दार आपल्याच माणसांनी लावले होते, आणि सरकारने ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले.

म्हणून जुन्या हायस्कुलांच्या शताब्दी-स्मरणिका काढणाऱ्यांना एक विनंती. नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी छापाच. पण शाळेचे जुने जनरल रजिस्टर वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कपाटातून काढा, आणि कोणत्या साली कोणत्या जातीची किती मुले होती, मुलगी पहिल्यांदा कधी आली, किती जणांची नावे मध्येच कमी झाली, हेही त्याच स्मरणिकेत छापा.