नावाची अंगठी आणि नावाचा हिरा

प्राचीन भारतात दागिन्यावर नाव कोरण्याची प्रथा शोभेपेक्षा व्यवहाराच्या गरजेतून वाढलेली दिसते, कारण जेथे धनी स्वतः हजर नसे तेथे त्याची ओळख पटवण्याचे आणि हुकमाला वजन आणण्याचे काम त्याची नाममुद्रा, म्हणजे नाव खोदलेली अंगठी, करीत असे. ती लाखेवर किंवा ओल्या मातीवर दाबायची असल्याने अक्षरे उलटी खोदली जात आणि ठशात सुलट उमटत. रामायणात सीतेला हनुमंताची खूण पटते ती रामनामांकित अंगठीमुळे. उलट कालिदासाच्या शाकुंतलात माशाच्या पोटात मिळालेल्या अंगठीवर राजाचे नाव निघाल्यामुळेच बिचारा कोळी चोर ठरून रक्षकांच्या तावडीत सापडतो.

या सोयीतला धोका विशाखदत्ताने जितका नेमका हेरला तितका क्वचितच कोणी हेरला असेल. ‘मुद्राराक्षस’ नाटकात अमात्य राक्षसाचे कुटुंब जवाहिरा चंदनदासाच्या घरी लपलेले असते. दाराबाहेर धावलेल्या मुलाला आत ओढताना, पुरुषाच्या बोटाच्या मापाने घडवलेली अंगठी राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून निसटते, घरंगळत चाणक्याच्या हेराच्या पायाशी येते, आणि पुढे तिचाच ठसा उमटवून चाणक्य एक बनावट पत्र खरे करून दाखवतो.

रत्नावरचे नाव मात्र हुकमासाठी नसे, ते मालकी सांगत असे. ‘शाह’ नावाच्या सुमारे ८८.७ कॅरटच्या हिऱ्यावर फारसी लिपीत पहिले नाव आहे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचे, हिजरी १०००, म्हणजे इ.स. १५९१-९२ या सालासह. हिरा हिऱ्यानेच घासला जातो, त्यामुळे हिऱ्याच्या भुकटीखेरीज कारागिराला दुसरे साधन नव्हते आणि हे काम अतिशय चिकाटीचे होते. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे हा हिरा मोगलांकडे गेल्यावर शाहजहानने हिजरी १०५१ मध्ये त्यावर आपले नाव घातले, आणि तो इराणात पोहोचल्यावर फतह अली शाहाने हिजरी १२४२ मध्ये तिसरे. टांगता यावा म्हणून त्याला दोऱ्यासाठी खाचही पाडलेली आहे. लक्षात घेण्याजोगे हे की नव्या मालकाने जुन्याचे नाव घासून काढले नाही. एवढा अवघड लेख पुसण्याचा खटाटोप टाळला असेल, पण जिंकलेल्या घराण्याचे नाव राहू देण्यातच आपला विजय अधिक ठळक दिसतो, हेही त्यांनी ओळखले असावे.

१८२९ मध्ये तेहरानात जमावाने रशियाचा वकील, नाटककार ग्रिबोयेदोव, याला ठार मारले, तेव्हा युद्ध टाळण्यासाठी शाहाचा नातू खुसरो मिर्झा माफीच्या नजराण्यासह झार पहिल्या निकोलसकडे गेला आणि त्या नजराण्यात हा हिराही होता. सध्या तो मॉस्कोच्या क्रेमलिनमधील रत्नसंग्रहात आहे. चौथे नाव त्यावर कोणी कोरले नाही.