कॉल ऑफ द व्हॅली

भारतीय अभिजात वाद्यसंगीताची गाजलेली दीर्घमुद्रिका (१९६७). प्रकाशन : एचएमव्ही. निर्माते : जी. एन. जोशी. वादक : शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी), ब्रिजभूषण काब्रा (गिटार) व माणिकराव पोपटकर (तबला).

आशय : काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस रागांतून उलगडतो. अहिरभैरवाने पहाट फुटते. पुढे नटभैरव, पिलू, तिन्हीसांजेचा भूप आणि रात्रीचा देस येतो; अखेर पहाडी. मैफलीत एकच राग तासभर रंगतो. येथे तबकडीच्या दोन बाजूंत अख्खा दिवस मावतो. रागसमयाचा जुना संकेतच या कथेचा कणा झाला आहे.

वाद्यमेळ : संतूर, बासरी व गिटार वाजवणारे तिघे तेव्हा तिशीच्या आसपास होते. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. शिवकुमारांनी ते तिवईवरून मांडीवर घेतले आणि रागदारीत रुजवले. कलम नावाच्या काडीच्या आघाताने उमटणारा त्याचा स्वर टपोरा असतो, पण लवकर विरतो. ती पोकळी बासरीचा लांब श्वास भरून काढतो. अली अकबर खाँचे शिष्य काब्रा गिटार आडवी ठेवून तारांवर पट्टी सरकवत. त्यामुळे गिटारीतून मींड निघते. तुटक थेंब आणि सलग धार यांचा हा मेळ म्हणजे या तबकडीचे खरे वैभव.

जी. एन. जोशी : गोविंद नारायण जोशी (१९०९–९४) हे मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक. ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानात गेली बाई शीळ’ त्यांच्या आवाजात घरोघर पोहोचले. पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी घेऊन त्यांनी थोर कलावंतांचे गाणे-वाजवणे तबकड्यांत जतन केले. त्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत. १९७०च्या दशकात जमैकात किंग टबी यांनी आधी ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतात फेरफार करून घडणाऱ्या ‘डब’ संगीतातून दाखवले की, मिश्रणयंत्रावर बसलेला तंत्रज्ञही रचनाकार असतो. जोशींची वाट निराळी होती. वादकांनी वाजवलेल्यात त्यांनी फेरफार केला नाही. कोणी, काय, कोणत्या क्रमाने आणि किती वाजवायचे याची आखणी केली. तीही रचनाच होय.

महाराष्ट्राशी नाते : मेंढपाळाचा दिवस मराठी श्रोत्याला परका नाही. पावसाळा सरला की पारनेरकडील धनगरांचे वाडे (मेंढ्यांसह फिरणारे तांडे) जुन्नर तालुक्यातून माळशेज घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात. उजाडता उजाडता कळप उठतो आणि वाडा पुढे सरकतो. जुन्नर-आंबेगावात ही पहाट पाहिलेल्याला अहिरभैरवाची ती सुरुवात समजावून सांगावी लागत नाही.

महत्त्व : या तबकडीने संतूर व बासरी परदेशांतही पोहोचवली. शर्मा-चौरसिया जोडीने पुढे ‘शिव-हरी’ या नावाने ‘सिलसिला’ (१९८१) आदी चित्रपटांना संगीत दिले. वादकांची कीर्ती सर्वतोमुखी झाली. त्यांच्याइतक्याच आदराने जोशींचेही नाव घेतले पाहिजे.