शेवटच्या कडव्यातला वामन

मागच्या वर्षी भीमजयंतीच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी गाण्यांचा कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी बी.ए.च्या वर्गात मी विचारले, "काल म्हटलेली गाणी कुणाची?" तिघेचौघे एकदम म्हणाले, "भीमगीतं आहेत, सर." मी म्हटले, "ते खरे. पण लिहिली कुणी?" एकाने गायकाचे नाव सांगितले. दुसऱ्याने खिशातून मोबाईल काढला. दर्यापूरकडच्या खेड्यातून एस.टी.ने येणारी एक मुलगी मात्र गप्प होती. ती ओठातल्या ओठात गाणे शेवटपर्यंत म्हणून पाहत होती. मग म्हणाली, "वामन. शेवटी वामन येतो, सर."

त्या मुलीने वामनदादा कर्डकांचा फोटो पाहिलेला नव्हता. ते कुठले, केव्हा वारले, हेही तिला ठाऊक नव्हते. गाणे तिला आजीकडून मिळाले होते आणि कवीचे नाव गाण्याच्या पोटातच होते. मला वाटते, वामनदादांच्या लोकप्रियतेचा इतिहास लिहायचा तर तो येथून सुरू करावा लागेल.

लोकप्रियता पुष्कळांना मिळते. एखादा गायक दहा वर्षे गाजतो, त्याच्या पिढीबरोबर म्हातारा होतो आणि नातवंडे त्याच्या गाण्यांना हसतात. जगप्रसिद्ध कलावंतांचे बरेचदा उलटे होते. चेहरा उरतो, गाणे निसटते. जमैकाचा बॉब मार्ले १९८१ साली वारला. त्याचे चित्र छातीवर मिरवणारी मुले आज अमरावतीच्या रस्त्यावरही दिसतात. त्यांतल्या किती जणांना त्याच्या गाण्यातला संताप माहीत असेल? वामनदादांच्या बाबतीत चेहरा विस्मृतीत गेला आणि गाणे तोंडी राहिले. तेही त्यांच्या सिन्नर तालुक्यात नव्हे, तर शेकडो मैल दूर वऱ्हाडात, आजी, आई आणि नात अशा तिघींच्या तोंडी. हे कसे घडले?

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी झाला. पोट भरायला ते मुंबईला आले, शिवडीच्या चाळीत राहिले, मिळेल ते काम केले. शाळा नव्हती. कुणीतरी वाचायला दिलेले पत्र आपल्याला वाचता येत नाही याची शरम त्यांना इतकी लागली की मोठ्या वयात त्यांनी मुळाक्षरे गिरवली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षर दाखविले आणि पुढचा अभ्यास दुकानांच्या पाट्यांवर झाला. १९४३ साली पहिले गीत लिहिले. समता सैनिक दलात वावरले. संसार मोडला, लहानगी मुलगी गेली. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर गाणे थांबले नव्हते. दहा हजार गीते लिहिली असे सांगतात. मला या मोजदादीचा मोह नाही. आकडा सांगून आपण कवीला मोठे करीत नाही, वाचण्याचे कष्ट तेवढे चुकवतो. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनचे' (१९७७) हे संग्रह हाती घेऊन बसणारे समीक्षक किती निघाले, हा खरा हिशेब आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. या मुलखात चळवळ वामनदादांच्या आधी आलेली होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पुढे होता. त्या परिषदेतच बाबासाहेबांना थोरले बंधू बळराम वारल्याची तार मिळाली. भावाच्या मरणाचे दुःख गिळून नेत्याने जेथे सभा चालविली, त्या भूमीतल्या लोकांना चळवळ ही वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट वाटत नव्हती.

रात्र जागवून ऐकण्याची सवयही येथे जुनीच. शेंडगावचे गाडगेबाबा हातातला खराटा खाली ठेवून कीर्तनाला उभे राहत आणि समोरच्या अडाणी शेतकऱ्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढीत. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत. कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकलेली बाई रात्री चावडीपुढे, नाहीतर वाड्याबाहेरच्या वस्तीत, गाणे ऐकायला बसे. तिचा कान तयार होता. मात्र आमच्या माणसांना त्या सभेत बसण्याची जागा कुठे होती हे मी नव्याने सांगायला नको.

मग १९५६ चा ऑक्टोबर आला. धर्मांतराने काय दिले यावर आपण पुष्कळ लिहिले आहे. त्याने घरातून काय बाहेर काढले, यावर कमी लिहिले. देव गेले ते एकटे गेले नाहीत. आपापली गाणी घेऊन गेले. माझी आजी जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणे, लग्नात मरीमायचे गाणे म्हणे. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर तिने देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि ती पुढे सांगत असे की चार महिने दळताना ती मुकी होती. म्हणायचे काय? लग्न लागायचे, पाळणा हलायचा, माणूस मरायचे. पण या प्रसंगांना शब्द नव्हते. त्रिशरण-पंचशील होते, पण ते पाली भाषेत आणि म्हणणाऱ्याच्या अधिकाराचे. दळणाऱ्या बाईला स्वतःच्या बोलीतले काही हवे होते.

ही रिकामी जागा वामनदादांनी आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी भरली. माझ्या मते त्यांच्या तीन पिढ्यांच्या लोकप्रियतेचे मूळ येथे आहे. करमणुकीचे गाणे बदलत्या आवडीबरोबर जाते. ज्या गाण्यावर आईने आपल्याला निजविले, ज्या गाण्यावर बहिणीची पाठवणी झाली आणि ज्या गाण्यावर बाबांना शेवटचे नेले, ते गाणे आवडीनिवडीच्या बाहेरचे असते. सिनेमाच्या नटाला ही जागा मिळत नाही. पैसा ओतूनही मिळत नाही.

ही परंपरा एकट्या वामनदादांची नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी पायवाट पाडली होती. नागपूरकडे नागोराव पाटणकरांची कव्वाली होती. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची भीमवंदना आज वस्तीतल्या कार्यक्रमाच्या आरंभी म्हटली जाते. भट ब्राह्मण घरात जन्मले आणि पुढे बौद्ध झाले, हे म्हणणाऱ्यांपैकी कितीकांना माहीत नसते. प्रेम जात विचारून बसत नाही असे मी म्हणणार नाही, आपला अनुभव तसा नाही. पण गाणे घरात आले की ते कुठून आले हे बायका विचारीत नाहीत, एवढे मी पाहिले आहे.

आणखी एक उदाहरण प्रल्हाद शिंद्यांचे. तेही २००४ सालीच गेले. त्यांच्या आवाजातली भीमगीते आमच्या वस्तीत वाजत आणि त्याच आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीला गावातल्या देवळाच्या भोंग्यावर वाजत. गावाला आमचा माणूस देवळाच्या पायरीवर चालत नव्हता. आवाज मात्र गाभाऱ्यापर्यंत चालत होता. माझ्या वडिलांना याचे हसू येई, मला राग येई. आज वाटते, दोघांचेही बरोबर होते. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे कॅसेटच्या काळात घराघरात पोहोचले. आदर्श शिंदे यांच्या आवाजावर 'दुनियादारी' (२०१३) पाहिलेली पोरे नाचली. तीन पिढ्या गात आहेत, तीन पिढ्या ऐकत आहेत. पण येथे वारसा कंठाचा आहे. वामनदादांचे तसे नाही. त्यांच्यामागे घराणे नव्हते आणि त्यांचा स्वतःचा आवाज ऐकलेली माणसे आता थोडीच उरली. जे उरले ते इतरांच्या तोंडी उरले.

ते इतरांच्या तोंडी बसावे अशीच त्यांची रचना होती. चाल ओळखीची: कुठे लोकगीताची, कुठे कव्वालीची, कुठे सिनेमाची. ढोलकी, पेटी, तीही नसली तर डबा. उसनी चाल घेतली म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांना मी एवढेच विचारतो, ज्या बाईला वही ठेवता येत नाही तिने नवी चाल कशात साठवायची? चाल ही तिची वही होती. जुन्या चालीवर नवा शब्द बसला की तो एका रात्रीत पाठ होई आणि सकाळी निंदणाच्या पातीवर म्हटला जाई.

शब्दही असे की त्यांत बाबासाहेबांच्या स्तुतीबरोबर भाकरी येई, रॉकेल येई, दारुड्या नवरा येई, निवडणुकीत विकला जाणारा पुढारी येई. बड्या भांडवलदारांची नावे घेऊन आपल्या वाट्याचा जाब विचारणारे त्यांचे गाणे अर्थशास्त्राच्या तासाला शिकवावे असे आहे. शिकून साहेब झालेल्या आणि वस्तीकडे पाठ फिरवलेल्या आपल्याच माणसालाही त्यांनी सोडले नाही. नोकरी लागल्यावर मी ती गाणी टाळत असे, हे येथे कबूल करतो.

त्याआधीही टाळतच होतो. एम.ए.ला असताना एका तासाला मी वामनदादांचे नाव घेतले, तेव्हा शिकविणारे गृहस्थ हसून म्हणाले, "ते प्रचाराचे झाले, आपण साहित्याबद्दल बोलतो आहोत." वर्ग हसला. मीही हसलो. सुटीत घरी गेलो तर आजीने विचारले, "बाबू, तुया त्या जाड्या पुस्तकात वामनदादा हाये काय?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मंग काय शिकवते रे तुमाले तिथं?" दोन प्रश्नांतला कोणता मोठा हे मला कळायला दहा वर्षे लागली.

दोष केवळ प्रस्थापित समीक्षेचा असता तर बरे होते. 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि मराठी कविता हादरली. त्या हादऱ्याचे श्रेय कुणी हिरावू शकत नाही. पण त्यानंतर आपणही छापील कवितेला साहित्य म्हणू लागलो आणि गाण्याला कार्यक्रमात बसविले. कवीला व्यासपीठावर खुर्ची, शाहिराला सभा भरेपर्यंत माईक. नेते यायला उशीर झाला की शाहिराने लोक धरून ठेवायचे आणि मोटार दिसली की अर्ध्या कडव्यावर थांबायचे. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले, याचा मला अभिमान आहे. त्या वेळी ते सत्तरीत होते, याची खंतही आहे.

त्यांचे सगळेच चांगले होते असे नाही. पुष्कळ गाण्यांत तीच यमके, तीच विशेषणे. काही ठिकाणी बाबासाहेबांचा देव होतो, आणि ज्याने देव नाकारायला शिकविले त्याचाच देव करणे हे आमचे जुने दुखणे आहे. पण ती गाणी मागे पडली. पन्नास वर्षे लोकांनी ऐकले, म्हटले, गाळले. जी गाणी उरली ती बाया-माणसांच्या पसंतीने उरली. कुठल्या संपादकाने असे काम केले आहे?

आता शेवटच्या कडव्याकडे येतो. संतांच्या अभंगात नाममुद्रा असते. वामनदादांनी तीच रीत उचलून कित्येक गाण्यांच्या शेवटी 'वामन' गुंफला. लिहिता न येणाऱ्या समाजात मालकी नोंदविण्याचा तेवढाच मार्ग होता. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचे नाव असलेच तर बारीक टायपात असे. पण वेष्टन फाटले तरी गाण्यातला वामन शाबूत राहत होता.

१३ एप्रिलच्या रात्री अमरावतीच्या इर्विन चौकात मी दरवर्षी जातो. बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे बाराच्या ठोक्याला जो जनसागर उसळतो तो पाहून छाती भरून येते. मी डी.जे.चा शत्रू नाही. ज्यांना गावात मिरवणूक काढू दिली नाही त्यांनी मोठ्या आवाजात वाजवावे. पण मी कान देऊन ऐकले. धृपद वाजते, एक कडवे वाजते, ठेका वाढतो आणि दुसरे गाणे त्यात मिसळते. शेवटचे कडवे येतच नाही. मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातही येत नाही. जे नाव निरक्षरांनी साठ वर्षे जपले, ते आम्हा शिकलेल्यांच्या काळात कात्रीखाली आले आहे. उलट त्याच मोबाईलमुळे छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची एकतारी घरोघर पोहोचली हेही खरे. यंत्र दोष करीत नाही. कुठे कापायचे हे माणूस ठरवतो.

म्हणून त्या वर्गातल्या मुलांना मी काम दिले आहे. सुटीत घरी जायचे, आजी, मावशी, शेजारीण जी म्हणेल ती गाणी शेवटपर्यंत उतरून आणायची, गाव लिहायचे, कोणत्या प्रसंगी म्हणतात ते लिहायचे. अकोट, मूर्तिजापूर, चांदूर बाजार, तिवसा या भागांतून वह्या येऊ लागल्या आहेत. एकच गाणे चार गावांत चार तऱ्हेचे निघते. एका वहीत तर वामनच्या आधी म्हणणारीने स्वतःच्या मुलाचे नाव घातले होते.

दर्यापूरकडच्या त्या मुलीची वही आली तेव्हा मी तिचे एक गाणे छापील संग्रहाशी ताडून पाहिले. शेवटच्या कडव्यातली एक ओळ वेगळी होती. मी तिला म्हणालो, आजीला विचारून ये, त्या ओळ विसरल्या असतील. सोमवारी ती परत आली. आजीने छापलेली ओळ दोनदा म्हणवून घेतली होती, चालीवर बसवून पाहिली होती आणि मग निरोप पाठविला होता, "तुया सराले सांग, पुस्तकात चुकलं असन."