शाईची शिळा

दौत म्हटली कीं जुन्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें काजळाची शाई आणि बोरू उभा राहतो. चीन देशांतील पंडिताच्या मेजावर मात्र दौतीऐवजीं एक कोरलेली शिळा असे. काजळी व सरस यांची वाळविलेली वडी, पाण्याचे चार थेंब घालून, सहाणेवर चंदन उगाळावें तशी तिच्यावर उगाळावयाची आणि मग कुंचला बुडवावयाचा. कुंचला, शाई, कागद व शिळा हीं तेथें अभ्यासिकेचीं चार रत्नें मानलीं जात. पहिलीं तीन झिजत वा सरत. शिळा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिके. म्हणूनच तिच्यावर पंडितांचा जीव जडला.

अग्रमान मिळाला तो ग्वांगडोंग प्रांतांतील द्वान येथील दगडास. तांग राजवंशाच्या काळीं (इ. स. ६१८–९०७) त्याची कीर्ति पसरली. हा जांभळट दगड स्पर्शास मृदु, तरी शाई चटकन् उतरविणारा. क्वचित् त्यांत पिवळट-हिरवट गोल ठिपके आढळतात. चिनी रसिक त्यांस 'साळुंकीचे डोळे' म्हणतात. कुशल कारागीर त्याभोंवतीं मेघ कोरून त्या डोळ्याचाच चंद्र करी. परंतु उत्तम दगड असे पाण्यानें भरलेल्या खाणींत. पाणी ओसरलें म्हणजे मजूर अरुंद भुयारांत हारीनें बसून, भांडीं हातोहात देत तें उपशीत आणि दिव्याच्या मिणमिणत्या उजेडांत दगड फोडीत.

या कष्टांवर अधिकाऱ्यांचा लोभ पोसला जाई. दरबारास ठराविक शिळा नजराणा म्हणून धाडाव्या लागत. त्या निमित्तानें अधिकारी अनेक पटींनीं शिळा उकळीत व वरच्या बड्या लोकांस भेट देत. इ. स. १०४० च्या सुमारास बाव झेंग नांवाचा अधिकारी तेथें आला. त्यानें नजराण्यास लागतील तेवढ्याच शिळा करविल्या, आणि मुदत संपल्यावर तो एकही शिळा न घेतां परतला.

मोह विद्वानांसही सुटला नाहीं. सुप्रसिद्ध लेखनकार मी फू (१०५१–११०७) यानें शिळांवर ग्रंथ लिहिला. शाई चांगली उतरणें हा पहिला गुण, रंग दुसरा आणि कोरीव काम त्याहूनही मागचें, असा त्याचा निवाडा. तरीही सम्राटाची शिळा हातीं येतांच त्यानें ती मागून घेतली व ओल्या शाईनें अंगरखा माखला तरी छातीशीं धरून नेली, अशी आख्यायिका आहे.

पुढें कोरीव कामाचें माहात्म्य वाढलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं सूचौ नगरांतील गू अर्न्यांग ही स्त्री या कलेंत इतकी नांवाजली कीं, तिच्या नांवाची मुद्रा कोरून बनावट शिळा विकल्या जाऊं लागल्या. च्यानलुंग सम्राटानें तर १७७८ सालीं आपल्या संग्रहांतील शिळांची सचित्र सूचीच करविली.

सोंग राजवंशाचा अधिकृत इतिहास १३४५ सालीं पुरा झाला. त्यांतील बाव झेंगच्या चरित्रांत, त्यानें न नेलेल्या त्या एका शिळेची नोंद आवर्जून केलेली आहे.