पालोमार १४ : आकाशगंगेच्या वेशीवरील अंधूक तारकागुच्छ

शौरी तारकासमूहातील ‘पालोमार १४’ हा आपल्या आकाशगंगेतील अतिदूरच्या व अतिशय अंधूक अशा गोलाकार तारकागुच्छांपैकी एक होय. मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास तो कोल्हापूरच्या जवळजवळ माथ्यावर येतो. मात्र त्याची दृश्यप्रत १४च्याही पुढे असल्याने लहान दुर्बिणीतून तो दिसत नाही. याच समूहातील सुप्रसिद्ध ‘मेसिए १३’ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. पालोमार १४ जवळजवळ दहापट दूर, सुमारे २ लाख ४० हजार प्रकाशवर्षांवर आहे.

आकाशगंगेच्या तबकडीभोवती जुन्या ताऱ्यांचे विरळ, गोलाकार प्रभामंडल पसरलेले आहे. त्याच्या बाह्य भागातील हा गुच्छ १९५८ साली सिडनी व्हॅन डेन बर्ग यांना आढळला. १९६० मध्ये हॅल्टन आर्प व त्यांनी मिळून त्याची माहिती प्रसिद्ध केली. हेच आर्प पुढे विश्वाच्या प्रसरणाविषयीच्या रूढ मताला आव्हान देणारे म्हणून ओळखले गेले. त्यांच्या निरीक्षणांची सैद्धांतिक मीमांसा करणाऱ्यांत कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर होते.

या गुच्छाचे खरे महत्त्व त्याच्या विरळपणात आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात. याचे कारण अदृश्य कृष्णद्रव्य, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. याउलट, अत्यंत क्षीण गुरुत्वाकर्षणात न्यूटनचा नियमच बदलतो, असे मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचविले. पालोमार १४ मध्ये ताऱ्यांचे परस्परांवरील आकर्षण क्षीण आहे आणि दूरवरच्या आकाशगंगेची ओढही अल्प आहे. त्यामुळे या दोन मतांचा पडताळा घेण्यास तो सोयीचा ठरतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिली व हवाई येथील महाकाय दुर्बिणींद्वारे त्यातील १७ ताऱ्यांचे वेग मोजण्यात आले. एक अपवाद वगळता त्या वेगांतील तफावत सेकंदाला अर्ध्या किलोमीटरहून कमी भरली. मिलग्रोम यांच्या सिद्धांतानुसार ती दुपटीहून अधिक हवी होती. कौल न्यूटनच्या बाजूने गेला. तथापि इतक्या थोड्या ताऱ्यांवरून निर्णय देता येणार नाही, असा आक्षेप २०१० मध्ये घेण्यात आला. दुर्बिणीला जेमतेम गवसणारे हे मूठभर तारे गुरुत्वाकर्षणाच्या मूलभूत नियमाचे साक्षीदार ठरले आहेत, ते असे.