तात्या जोग (विठ्ठल महादेव किबे)

किबे कंपाउंड आपणा इंदूरकरांच्या रोजच्या बोलण्यातले; त्या घराण्याचे तात्या जोग मात्र विस्मरणात गेले. दक्षिणेतून माळव्यात आलेले हे सावकार. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, राजे दुसरे मल्हारराव अल्पवयीन होते. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाची बोलणी तात्यांनी केली. तहात मोठा मुलूख गेला. काहींना ती शरणागती वाटते. आम्हांला वाटते, लढण्याचे बळ उरले नसताना हिशेबी माणसानेच राज्य टिकवले. पुढे दिवाण म्हणून त्यांनी विस्कटलेला कारभार सावरला. राजधानीही इंदूरला आली, आणि मराठी कुटुंबे इथे स्थिरावत गेली. तात्या १८२६ मध्ये वारले. त्याच घराण्यातले सरदार माधवराव किबे १९२६ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.