किशोराच्या पहिल्या दहा रात्री

मराठीत ‘किशोर’ म्हटले की पौगंडावस्थेतला मुलगा डोळ्यांसमोर येतो. संस्कृतात मात्र हा शब्द घोडीच्या पिलाचा, म्हणजे शिंगराचाही आहे. आणि कौटिलीय अर्थशास्त्रात त्याच्या संगोपनाचे नियम सापडतात. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रथम छापलेल्या आणि र. पं. कंगले यांनी १९६० मध्ये मुंबई विद्यापीठातर्फे चिकित्सकपणे संपादित केलेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षावर एक अध्याय आहे. राजाच्या पागेतच जन्मलेल्या घोड्यांची तेथे स्वतंत्र नोंद होते.

व्यालेल्या घोडीला तीन रात्री एकेक प्रस्थ तूप पाजावे, पुढे दहा रात्री प्रस्थभर सक्तू आणि औषधी स्नेह द्यावा, असे अध्याय सांगतो. शिंगराचा आहार सुरू होतो तो दहाव्या रात्रीनंतर: एक कुडुब सक्तू, त्याच्या चौथाई तूप आणि एक प्रस्थ दूध, तेही सहा महिन्यांपर्यंत. पहिल्या दहा रात्रींत त्याच्यासाठी काहीच नाही. याला अनास्था म्हणावे काय?

तसे दिसत नाही. त्या दिवसांत पिलू आईच्या दुधावरच जगते; म्हणून घोडीला पाजलेले तूप हीच पिलाची तरतूद. प्राणिवैद्यकही याला दुजोरा देते. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत जवळजवळ पोचत नाहीत. ती चिकातून मिळवावी लागतात, आणि साधारण चोवीस तासांनंतर पिलाचे आतडे ती शोषून घेईनासे होते. पिलू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे, हा आजचा ठोकताळा त्यामुळेच आहे.

पण घोडी अडली तर? प्राणवायू कमी पडलेले पिलू निपचित राहते. त्याला आचळ शोधता येत नाही, कधी चोखण्याचीच शुद्ध नसते. अशा वेळी त्याला कोरडे करून ऊब द्यायची, नाळेला जंतुनाशक लावायचे, चीक पिळून बाटलीने वा नाकातून घातलेल्या नळीने पोटात पोचवायचा. हे सारे काही तासांचे काम. आईमार्फत पिलाला जगवण्याची कौटिल्याची योजना नेमकी याच ठिकाणी तुटते, आणि या अध्यायात अडलेल्या घोडीचा उल्लेख नाही.

उल्लेख आहे तो माणसांचा आणि दंडाचा. घोडे बांधणारे, चारा आणणारे, खाणे शिजवणारे, ठाण राखणारे, विषवैद्य अशी सेवकांची यादी येते. कामात चुकल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे, असा नियम येतो. वैद्याच्या हयगयीने दुखणे वाढले तर उपचाराच्या दुप्पट दंड, जनावरच हातचे गेले तर त्याची किंमत. निपचित पडलेल्या पिलाच्या तोंडाशी चीक नेणारे हात असलेच, तर ते याच यादीतले असणार. त्यांचे कौशल्य मात्र ग्रंथात उतरलेले नाही.

शास्त्रग्रंथ वाचताना हे भान हवे. अर्थशास्त्राने मापे, वेतन आणि दंड नोंदवले, कारण अध्यक्षाला तेवढेच मोजता येत होते. ग्रंथात नाही म्हणून ती शुश्रूषा नव्हतीच असे म्हणता येत नाही, आणि होतीच असे म्हणण्याइतका पुरावाही नाही. एवढे मात्र निश्चित, की ‘किशोर’ या शब्दाची नोंद अकराव्या दिवशी होण्यासाठी कुणीतरी आधीच्या दहा रात्री जागलेले असावे लागते.